केतकी जिंकली की धपाटे

हे प्रकरण मी वर्षानुवर्षं टाळत आलो. आठवणींच्या वहीत बालपण झालं, शाळा झाली, नोकरीचा पहिला दिवस झाला, माझ्या मूळव्याधीवरसुद्धा चार पानं लिहून झाली; पण डोंगरकडा गावाजवळच्या, कालव्याच्या वसाहतीतली ती वर्षं आली की माझी लेखणी आपोआप कालव्याकडे वळायची. भराव कुठे, खोदाई कुठे, मोऱ्या कशा बांधल्या. वाचणाऱ्याला वाटावं, हा माणूस कालव्यातच जगला. खरं सांगायचं तर कालव्यातलं मला काहीही कळत नव्हतं. मी त्या कार्यालयात आवक-जावक कारकून होतो. आलेल्या कागदावर शिक्का मारायचा, गेलेल्या कागदावर शिक्का मारायचा. मधल्या काळात कागदाचं काय होतं ते साहेबांना ठाऊक. आता साहेब नाहीत, वसाहत नाही, माझी बायको सुमनही नाही. ती असेतोवर म्हणायची, "एकदाचं सांगून टाका हो, पोटात ठेवून तुमचं पोट काही सुटायचं थांबलं न्हाई." म्हणून सांगतो.

तेव्हा माझं वय तिशीच्या पुढे गेलं होतं, पण मोठा मी झालो नव्हतो. "तुमच्या आईनं तुमाला जन्म दिला अन् वाढवायचं काम माझ्यावर टाकलं," हे सुमनचं ठरलेलं वाक्य. दुपारी डुलक्या घेणाऱ्या शिपायाच्या कपाळावर मी एकदा 'आवक' असा शिक्का मारला होता आणि तो बिचारा तसाच साहेबांपुढे चहा घेऊन गेला होता. कागद वाटेल तसा फिरवायला मिळतो, ही त्या नोकरीतली माझी खरी चैन होती. अशा माणसाच्या हातात कोणी एखाद्याचं भवितव्य देऊ नये. पण ते कोणी दिलं नव्हतं, मीच घेतलं.

वसाहत म्हणजे पत्र्याच्या छपरांची घरं, एक कार्यालय, एक सिमेंटचं गोदाम आणि विश्रामगृहामागचं टेनिसचं मैदान. हे मैदान आधीच्या एका मोठ्या साहेबांची हौस. आमच्या मातीत हिरवळ कुठून टिकणार? म्हणून त्यांनी माती दाबून घेतली आणि दर शनिवारी सकाळी ती शेणानं सारवायचा आदेश काढला. वर चुन्याच्या रेघा. साहेबांची बदली झाली, ते गेले. दोन रॅकेटी, एक फाटकी जाळी आणि तो आदेश मागे राहिला. सारवण बंद करा असा दुसरा आदेश कोणी काढला नाही, त्यामुळे कोणी खेळत नसतानाही पुढची कितीतरी वर्षं ते मैदान दर शनिवारी एखाद्या घरच्या अंगणासारखं सारवलं जायचं. शनिवारी वसाहतीला ओल्या शेणाचा वास, हिवाळा सरता सरता त्यात आसपासच्या शेतांतून हळद शिजवल्याचा उग्र वास मिसळायचा. आजही कुठे हळद शिजत असली की माझा उजवा हात आपोआप रॅकेट धरल्यासारखा वळतो.

सारवायचं काम गयाबाई पाईकरावचं. सोबत दोन बाया असायच्या, पण बोलायचं काम एकट्या गयाबाईचं. तिचा नवरा लक्ष्मण कालव्याच्या दारावर चौकीदार होता. अबोल, सरळ, दार जितकं उघडायला सांगितलं तितकंच उघडणारा माणूस. आणि त्यांची पोरगी सुजाता. ती आठवीत असताना तिनं साहेबांची टाकून दिलेली रॅकेट उचलली आणि गोदामाच्या भिंतीवर बॉल मारायला लागली. धप, धप, धप. दुपारभर तोच आवाज. त्या आवाजानं माझी डुलकी मोडायची, म्हणून मी एके दिवशी रागावून बाहेर गेलो आणि दुसरी रॅकेट घेऊन तिच्यासमोर उभा राहिलो. पहिल्या वर्षी मी तिला हरवलं. दुसऱ्या वर्षी तिनं मला. तिसऱ्या वर्षापासून ती मला बरं वाटावं म्हणून मधूनच एखादा बॉल मुद्दाम जाळीत मारायची, आणि हे मला हरण्यापेक्षा जास्त झोंबायचं.

कार्यालयात एक इंग्रजी पेपर यायचा. नांदेडहून एसटीनं, एक दिवस शिळा. तो आवक करण्याचा मान माझा, आणि त्यातलं इंग्रजी उलगडून सांगण्याचाही. साहेबांना मराठी पेपर लागायचा. म्हणजे इंग्रजीत जगात जे काही घडायचं ते वसाहतीला माझ्या तोंडून कळायचं. एका शनिवारी त्यात एक फोटो आला. रिकाम्या हौदाच्या तळाशी रॅकेट घेऊन उभी असलेली सतरा वर्षांची पोरगी. मी तो मैदानाच्या कडेला नेऊन सुजाताला दाखवला.

"काका, ही टाकीत काहून उभी हाय?"

"टाकी नाही, पोहायचा हौद आहे. रशियातून फुटून निघालेला जॉर्जिया नावाचा देश आहे, तिथली ही. लढाई झाली तिथं. मैदानं बंद, लाईट नाही. म्हणून ही रिकाम्या हौदाच्या भिंतीवर बॉल मारते."

सुजातानं गोदामाच्या भिंतीकडे पाहिलं, मग फोटोकडे. "तिच्याकडं बी लाईट न्हाई?"

"दिवसदिवस नसते म्हणे."

शेणात कोपरापर्यंत हात बुडवलेल्या गयाबाईनं मान वर केली. "मंग तितं काहून राहून राहिली? डोंगरकड्याला ये म्हणा. लाईट इथं बी न्हाई, पर भाकर तरी गरम भेटंल. नाव काय तिचं?"

"केतेवान."

"केतकी," गयाबाई म्हणाली, आणि त्या पोरीचं बारसं तिथंच झालं. आडनाव मला वाचताही आलं नाही, लिहिता तर आजही येणार नाही.

त्यानंतर केतकीच्या बातम्यांसाठी सुजाता शनिवारची वाट पाहायला लागली. सुरुवातीच्या बातम्या खऱ्या होत्या, हे इथं नोंदवून ठेवतो, कारण पुढे माझ्या हातून फारसं खरं घडलेलं नाही. बारीक टाइपात कुठेतरी कोपऱ्यात एक ओळ असायची. केतकी एका लहान स्पर्धेत पहिल्याच फेरीत हरली. मग दुसऱ्या स्पर्धेत तिसऱ्या फेरीपर्यंत गेली. आणि मग एका शनिवारी खरोखरच एक स्पर्धा जिंकली. मी ते वाचून दाखवताच गयाबाई शेणाचे हात धुवून उठली आणि म्हणाली, "लेकरू जिंकलं म्हणल्यावर तोंड गोड न्हाई तर तिखट तरी कराय पायजे." त्या दिवशी तिनं धपाटे केले.

त्या धपाट्यांविषयी लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. ज्वारीचं पीठ, थोडं बेसन, लसूण-मिरचीचा ठेचा, तीळ, ओवा, आणि घरामागची मेथी. ओल्या फडक्यावर थापायचे, मधे बोटानं तीन भोकं पाडायची, त्या भोकांतून तेल सोडायचं. वर दही आणि शेंगदाण्याचा भुरका, म्हणजे आमच्याकडची कोरडी चटणी. वसाहतीत काही घरं अशी होती की पाईकरावांच्या घरचं पाणीही घेत नसत. मी त्यांच्या ओट्यावर मांडी घालून धपाटे खायचो आणि स्वतःला मोठा सुधारक समजायचो. सुधारक नव्हतो, खादाड होतो.

पुढे केतकी पेपरातून गायब झाली. एक शनिवार गेला, दोन गेले, चार गेले. सुजाताची भिंतीवरची धप धप कमी झाली. विचारलं तर म्हणाली, "काई न्हाई काका, आभ्यास हाय." अभ्यास नव्हता. पाचव्या शनिवारी मी पेपर उघडला. टेनिसचं अक्षर नव्हतं. कापसाचे भाव होते, आणि एक पंतप्रधान कुठंतरी गेले होते. पोरगी रॅकेट न घेता येऊन बसली होती. गयाबाई सारवत होती, आणि माझ्या पोटात भूक होती. यातलं कुठलं कारण आधी आलं ते मला आजही सांगता येत नाही.

"जिंकली," मी म्हणालो.

"कुठं?" सुजाता उभीच राहिली.

"झेकोस्लोव्हाकियात." तो देश मोडला होता हे मला माहीत होतं, पण वसाहतीला नव्हतं.

त्या दिवसापासून जॉर्जियाच्या त्या खेळाडूची पुढची सगळी कारकीर्द डोंगरकड्याजवळच्या आवक-जावक टेबलावर घडली. तिच्या प्रतिस्पर्ध्यांची नावं मला सुचेनात, तेव्हा मी गावच्या चौकातल्या शेतीऔषधांच्या दुकानातले फवारणीचे डबे वाचायला लागलो. क्विनालफॉसवरून एक क्विनालफोवा तयार झाली, उंच आणि गर्विष्ठ. मोनोक्रोटोफॉसवरून मोनोक्रोटोवा, तिची सर्व्हिस म्हणजे विषच. लक्ष्मण एकदा कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "दत्ताभाऊ, ह्ये नाव कुठंतरी ऐकल्यावानी वाटून राहिलं."

"ऐकलं असेल. जगात सातवी आहे ती."

"तसंच असंल," लक्ष्मण म्हणाला. त्याच्या मागे दाराला टेकवलेला फवारणीचा पंप होता.

दर जिंकण्याला धपाटे होतेच. मला भूक असेल त्या शनिवारी केतकी हरली असं क्वचितच झालं. आमच्या घरी कारल्याची भाजी असेल तर ती हमखास अंतिम फेरीत जायची. सुमनला हे महिन्याभरात कळलं. "तुमची केतकी कारल्याला लई भिते," ती म्हणाली. मी हसण्यावारी नेलं. पण सुजाता आळसावली की मी केतकीला पहिल्याच फेरीत पाडायचो, आणि दुसऱ्या दिवशी पहाटेपासून भिंतीवर धप धप सुरू व्हायची. ती पोरगी खरंच चांगली खेळायला लागली होती. तिच्या खालून येणाऱ्या फटक्याला उत्तर नव्हतं. आमच्या शेणाच्या मैदानावर बॉल उठायचाच नाही. गुडघ्याच्या आसपास यायचा आणि तिथून ती तो वाकून असा काढायची की बॉल जाळीला चाटून पलीकडे मरायचा. मला वाटायचं, हे श्रेय माझं. माझ्या केतकीनं हिला घडवलं.

मग ती चार ओळींची बातमी आली. मंगळवार होता. केतेवान, वय एकोणीस, खांद्याच्या दुखापतीमुळे खेळ सोडत आहे. दुखत असतानाही ती गेले वर्षभर खेळत राहिली आणि आता डॉक्टरांनी खांदा पूर्वीसारखा होणार नाही असं सांगितलं आहे. मी ती दोनदा वाचली. मग ब्लेडनं कापून काढली आणि शाईच्या पॅडखाली ठेवली. कापलेल्या चौकोनातून माझं टेबल दिसत होतं. शिपायानं विचारलं, "उंदीर लागला का पेपराला?" मी म्हणालो, "लागला." त्या शनिवारी केतकी उपांत्य फेरीत गेली.

दहावीच्या वर्षी सुजाता जिल्ह्याची विजेती झाली. तेव्हा आमचा जिल्हा परभणी होता. मुलींच्या टेनिसला दोनच नावं आली होती, त्यातल्या एकीला ताप आला. तरी विजेती ती विजेतीच. गयाबाईनं प्रमाणपत्र गादीखाली ठेवून सरळ केलं. त्यावरून औरंगाबादला निवड चाचणीचं बोलावणं आलं. निवड झाली तर सरकारी वसतिगृहात राहून खेळायचं आणि शिकायचं. पण त्याच दिवशी परभणीला नर्सिंगच्या प्रवेशाची मुलाखत होती. लक्ष्मणचं मत साधं होतं: "नर्सला कोन बी घरात घेतं. खेळाचं काय, आज हाय उद्या न्हाई." आणि तिसरी गोष्ट अशी, की सुजाताचा उजवा खांदा दोन महिन्यांपासून दुखत होता. गयाबाई रात्री हळद-तुरटीचा लेप लावायची. मी सांगितलं होतं, जास्त खेळल्यानं दुखतं, थांबेल.

एका दुपारी सुजाता माझ्या टेबलापुढे आली आणि वहीचं दुमडलेलं पान ठेवलं.

"काका, ह्याचं इंग्रजी करा अन् केतकीला धाडा."

मी पान उघडलं. मराठीत होतं. मला जसंच्या तसं पाठ आहे. 'ताई, तुमचा खांदा कधी दुखला का? माझा दुखते. एकाच दिवशी दोन ठिकाणी बोलावलं आहे. आप्पा म्हणतात नर्स हो. काका म्हणतात खेळ. तुम्ही सांगाल तसं करीन. तुमच्याकडं लाईट आली का?'

"पोचंल ना?" तिनं विचारलं.

"का नाही पोचणार? जावक क्रमांक टाकतो." आणि तिच्यासमोर मी टाकला. शिक्का मारला. ती समाधानानं गेली. ते पान शाईच्या पॅडखाली गेलं, त्या कात्रणाच्या वर. माझ्या ड्रॉवरमध्ये तेव्हा प्रश्न आणि त्याचं खरं उत्तर एकमेकांवर पडून होते. मला एवढंच करायचं होतं, की खालचा कागद काढून वरच्या कागदाच्या मालकिणीला द्यायचा. शिक्काही लागला नसता.

मी उत्तर टाइप करायला बसलो. खरं सांगायचं तर तेव्हा मला मजा येत होती. शिपाई बाहेर गेलेला, साहेब दौऱ्यावर. कार्यालयाच्या इंग्रजी टाइपरायटरमधलं 'ए' हे अक्षर ओळ सोडून वर उडी मारायचं. आमच्या कार्यालयाचं पत्र त्या उड्यांवरून तालुकाभर ओळखू यायचं, आणि सुजाताही ती उडी पाहून लहानपणी हसायची. माझ्या ते ध्यानातच आलं नाही. वाचनालयात पूर्वी रशियातून एक मासिक यायचं, त्याचं तिकीट असलेलं जुनं पाकीट मी मिळवलं. त्यावर आमचाच गोल शिक्का कमी शाईनं, अर्धवट मारला. दिसायला इतकं झकास झालं की एखाद्याला दाखवावं असं वाटत होतं.

पत्रात मी लिहिलं: 'प्रिय सुजाता, माझाही खांदा दुखतो. चॅम्पियन दुखणं मोजत नाही. तू खेळ. तुझी, केतेवान.' आणि खाली, 'लाईट आली.'

काहून लिहिलं? तिचं भलं व्हावं म्हणून, असं मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगितलं. पण ती परभणीला नर्सिंगला गेली असती तर मैदान ओस पडलं असतं, केतकी संपली असती, शनिवार संपले असते आणि मी परत नुसता आवक-जावक झालो असतो. हेही त्यात होतं, आणि बहुधा हेच जास्त होतं.

पत्र आलं त्या दिवशी वसाहतीत सण होता. गयाबाईला वाचता येत नव्हतं, तरी तिनं ते हातात धरून तीन वेळा वास घेतला. "परदेशाचा वास येतो," ती म्हणाली. तो आमच्या शाईच्या पॅडचा वास होता. लक्ष्मणनं पत्र सरळ करून पाहिलं आणि सुस्कारा सोडला. "येवढ्या दुरून लिहिलं म्हणल्यावर आपन कोन न्हाई म्हननार?" धपाटे झाले. त्यात पहिल्यांदाच मीठ जास्त झालं होतं, की मला तसं लागलं, कोण जाणे.

औरंगाबादला आम्ही तिघं गेलो. सुजाता, लक्ष्मण आणि मी. तिथलं मैदान सिमेंटचं. ते पाहताच मला काहीतरी खटकलं, पण काय ते समोरच्या पोरीनं पहिला बॉल मारल्यावर कळलं. बॉलचा टप्पा पडला आणि तो वर चढला. कमरेच्या वर, छातीच्या वर, सुजाताच्या कानाजवळ. आमची पोरगी सवयीनं गुडघ्यात वाकलेली होती आणि बॉल तिच्या डोक्यावरून निघून गेला. कडेला बसलेले हसले. जगात बॉल असा उडतो, शेणाच्या सारवणावर उडत नाही, एवढी साधी गोष्ट इतक्या वर्षांत ना तिला माहीत होती ना मला. मी जगभराच्या स्पर्धा घडवल्या होत्या, पण एकाही मैदानावर बॉल उडवला नव्हता.

तरी तिनं सोडलं नाही. दर बॉलला हात खांद्याच्या वर नेऊन मारायला लागली. एक सामना जिंकलीही. मी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या सामन्यात, एका उंच बॉलला, हात वर गेला आणि तिथंच थांबला. रॅकेट खाली पडली. सिमेंटवर तिचा आवाज लाकडी भांड्यासारखा झाला. सुजाता रडली नाही. डाव्या हातानं उजवा हात धरून ती माझ्याकडे आली, आणि मला वाटलं ती 'दुखतंय' म्हणेल.

"काका, बॉल इथं वर येतो," ती म्हणाली. "केतकीनं काहून न्हाई सांगितलं?"

लक्ष्मण माझ्याकडे पाहत होता. मी पाणी आणायला गेलो.

नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं, आतून फाटलंय; भरून येईल, पण हात खांद्याच्या वर जायचा नाही. परभणीची मुलाखत त्याच दिवशी होऊन गेली होती. पुढच्या वर्षी तिनं पुन्हा अर्ज केला, तेव्हा वैद्यकीय तपासणीत 'हात वर करा' म्हणाले, आणि नाव कापलं. मी बदलीचा अर्ज केला. माझा अर्ज मीच आवक केला. जाताना गयाबाईनं धपाटे बांधून दिले. "केतकीचं कळवत जा," म्हणाली. मी कधी कळवलं नाही.

ह्याला किती वर्षं झाली ते मोजत बसत नाही. मधे हिंगोली जिल्हा झाला, लक्ष्मण आणि गयाबाई गेले, मी निवृत्त झालो, सुमन गेली. तिच्या तेराव्यानंतर मी माफीचं पत्र लिहायला बसलो. सगळं लिहिलं: कात्रण, टाइपरायटर, फवारणीचे डबे. पाकिटात ते जुनं कात्रणही घातलं. सवयीनं पाकिटावर जावक क्रमांकही टाकला. पण हे पत्र टपालानं पाठवायचं नाही, हातात द्यायचं, असं ठरवून मी पुसेगावला गेलो. सुजाता तिथं दिलेली, अंगणवाडीत काम करते.

तिनं मला ओळखलं आणि हसली. केस थोडे पिकलेले, हसू तेच. तिची सासू खाटेवर बसली होती. भिंतीवर बुद्धमूर्तीच्या कोनाड्याशेजारी एक काचेची चौकट होती, आणि चौकटीत माझं पत्र होतं.

"ह्येच का ते?" सासूनं सुजाताला विचारलं आणि माझ्याकडे वळली. "तुमीच पोचवलं म्हणं ते पत्र. आमच्या खानदानात कोनाला दिल्लीहून बी पत्र आलं न्हाई, अन् हिला त्या देशातून आलं. मी समद्यांना दाखवते. पोरी-बाळीनं कामाला जावं का न्हाई म्हणून भावकी भांडाय आली, तवा म्या म्हणलं, हिला मोठाली-मोठाली माणसं लिहितेत, तुमी कोन?"

"हो, मीच पोचवलं," मी म्हणालो. एवढं खरं होतं.

सुजाता चुलीपाशी धपाटे थापत होती, डाव्या हातानं. फळीवरचा भुरक्याचा डबा काढायला ती पाटावर चढली आणि तोही डाव्याच हातानं काढला. उजवा हात अंगाशीच होता. ताट माझ्यापुढे ठेवून ती चौकटीजवळ गेली. सासू पाणी आणायला आत गेलेली. सुजातानं काचेवर बोट ठेवलं.

"काका, बघा ना. ह्यातला 'ए' कसा वर उडून बसतो." मग माझ्याकडे वळून, डोळ्यांत ते जुनं, मुद्दाम बॉल जाळीत मारतानाचं हसू आणून म्हणाली, "जॉर्जियात बी आपल्या हापिसासारखंच मशीन असंल, न्हाई?"

तिनं दार पूर्ण उघडून दिलं होतं. मला नुसतं आत पाऊल टाकायचं होतं. खिशात पाकीट होतं. तोंडात घास होता, तो मी गिळला.

"असेल," मी म्हणालो.

तिनं काचेवरचं बोट काढलं. मग म्हणाली, "खा. निवून जाईल."

परतताना तिनं धपाटे कागदात बांधून दिले. ते मी पिशवीत ठेवले, पाकीटही त्याच पिशवीत. हिंगोलीला उतरलो तेव्हा तेल कागदातून पाकिटात उतरलं होतं. आतलं पत्र आणि ते कात्रण एकमेकांना चिकटून गेले होते, शाई पसरली होती. पहिल्या ओळीतलं 'सुजाता' तेवढं वाचता येतं. त्याच्यापुढे मी 'मला माफ कर' असं लिहिलं होतं.